ताईच्या एक्काहत्तर पायऱ्या

माझं काम म्हणजे लोकांच्या शेजारी बसणं. हसू नका, खरंच सांगते. दुसऱ्याच्या कचेरीत जायचं, तिथल्या एखाद्या माणसाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायचं आणि तो दिवसभर काय काय करतो ते एकेक करून लिहून काढायचं. कागद उचलला, लिहा. फोन फिरवला, लिहा. याला आम्ही बैठक म्हणतो, आणि लिहिलेल्या प्रत्येक बारक्या गोष्टीला पायरी. तीन दिवस बैठक झाली की पायऱ्यांचा तक्ता तयार होतो. ज्याचं काम आहे तो माणूस तक्त्याखाली सही करतो की होय, हे एवढं मी करतो. मग आमची कंपनी त्या कचेरीला सांगते की यातलं काय संगणकाकडे द्या आणि काय माणसाकडे राहू द्या. याला डिजिटल कन्सल्टिंग म्हणतात. आमच्या भाऊजींना मी हे सात वर्षं समजावतेय. ते अजूनही म्हणतात, म्हणजे तू दुसऱ्यांचं काम बघायचा पगार घेतेस. घेते, काय करू.

कंपनी सुरू झाली तेव्हा आम्ही नऊ जण होतो. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक पंखा, आणि तो पंखा कुणाकडे फिरवायचा यावरून रोज भांडण. मी शेवटची आलेली, म्हणून माझं नाव पडलं नऊ नंबर. मालकांना मालक म्हटलेलं आवडायचं नाही, म्हणून आम्ही सगळे त्यांना मुद्दाम मालक म्हणायचो. ते प्रत्येक तक्ता स्वतः वाचायचे, आमच्याशी हुज्जत घालत वाचायचे. एकदा मी त्यांना म्हणाले की ज्या कामात चाळीसच्या वर पायऱ्या निघतात तिथे माणसाचं डोकं चाललेलं असतं, तिथे आपण लुडबुड करू नये. दहा-बारा पायऱ्यांची, तीच ती कामं खुशाल संगणकाला द्यावीत. त्यांना ते इतकं पटलं की तेव्हापासून चाळीसच्या वरचा आकडा दिसला की ते लाल पेनानं त्याभोवती गोल काढायचे आणि खाली लिहायचे, हात लावू नये. हा नियम माझा. मी नव्या माणसांना हे आवर्जून सांगायची. शेखी मिरवायची म्हणा ना.

मग कंपनी वाढायला लागली. वाढली म्हणजे कशी, तर सोमवारी कामावर जावं आणि आपल्या टेबलाशी कुणी तिसरंच बसलेलं असावं. दोन खोल्यांचा एक मजला झाला, एकाचे चार झाले. नव्या खुर्च्या यायच्या, त्यांचं प्लॅस्टिक काढायलाही कुणाला सवड नसायची, लोक तसेच चुरचुर आवाज करत बसायचे. नवा ग्राहक मिळाला की घंटा वाजवायची पद्धत होती. पुढे पुढे ती इतकी वाजायला लागली की फोनवर बोलता येईना, म्हणून काढून टाकली. एकदा लिफ्टमध्ये एका मुलीनं मला अगदी प्रेमानं विचारलं, तुम्ही नवीन का? माझ्या गळ्यातल्या कार्डावर नऊ लिहिलेलं आणि तिच्या चारशे बारा. मी म्हणाले, हो, कालच आले. तिनं मला पाण्याची जागा दाखवली.

तक्ते वाचायला आता एक वेगळं खातंच होतं. त्याची प्रमुख एक हुशार बाई होती, तिला सगळे तक्तेबाई म्हणायचे. बैठकीला बसणाऱ्या सगळ्यांसाठी तिनं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. मला निरोप आला की तुम्ही आला नाहीत तरी चालेल, हे सगळं तुम्हीच तर सुरू केलंय. मला गुदगुल्या झाल्या. मी त्या दोन दिवसांत डॉक्टरांना दात दाखवून आले आणि केस कापून आले.

याच सुमारास चष्म्याच्या काचा करणाऱ्या एका कंपनीचं काम आमच्याकडे आलं, आणि त्या कंपनीत माझी ताई होती.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिनं मला वाढवलं वगैरे म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण माझ्या शाळेच्या पालकसभेला तीच जायची आणि माझे गुण बघून घरी येऊन तीच बोलणी द्यायची. त्या कंपनीत ती तेवीस वर्षं होती. दुकानांकडून चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठ्या यायच्या, त्या तपासून काचा घासायला आत पाठवायच्या, हे तिचं काम. निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती. भाऊजींचे गुडघे गेल्यापासून ते घरीच असत, त्यामुळे घर तिच्यावर होतं.

आमच्यात नियम आहे की नातेवाइकाच्या शेजारी बैठकीला बसायचं नाही. मी मालकांना लिफ्टमध्ये गाठून सांगितलं की माझी सख्खी बहीण आहे तिथे. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, बरंच झालं की, ओळख आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले. मीही मग फार ताणलं नाही. मला तर तेच हवं होतं.

कारण आदल्या रविवारी ताईनं मला विचारलं होतं. तिच्या कंपनीत कुजबुज सुरू झाली होती की ही माणसं येऊन बसतात आणि मग लोकांना घरी पाठवतात. ती भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माझं राहील ना गं?"

"मीच लिहिणार आहे," मी म्हणाले. "तू कशाला घाबरतेस?"

तिचा खांदा एकदम सैल पडला, ते मला अजून आठवतं.

बैठक सुरू झाली. पहिल्या दिवशी मी विचारलं, काय करतेस ते सांग. म्हणाली, काही नाही, चिठ्ठी बघते आणि पुढे पाठवते. मी म्हणाले, ताई, बघते म्हणजे काय करतेस? म्हणाली, बघते म्हणजे बघते, आता ते काय सांगायचं. मी तिच्या हाताकडे बघत बसले. एक चिठ्ठी घेतली, वाचली आणि उजवीकडच्या ट्रेमध्ये टाकायच्या ऐवजी तिरकी करून समोर ठेवली. मी विचारलं, ही का थांबवलीस? तर म्हणाली, अगं, हा सात वर्षांचा मुलगा आहे आणि दोन डोळ्यांमधलं अंतर बघ काय लिहिलंय, एवढं तर तुझ्या भाऊजींचं असेल. म्हणजे दुकानदारानं बापाचं मोजून पोराच्या चिठ्ठीवर घातलंय. तिनं फोन लावला आणि तसंच निघालं. दुकानदार उलट तिलाच म्हणाला की बाई, तुमचं लग्न आमच्याच दुकानाशी लागलंय.

मग मला चेव चढला. मी खोदून खोदून काढत गेले. एका डॉक्टरांचा एक आणि सात सारखाच दिसतो, तर ही आधीच्या वर्षाच्या नंबराशी ताडून बघते. एक दुकान घाई असली की उजव्या डोळ्याचं डाव्या रकान्यात लिहितं, आणि शनिवारी त्यांना घाई असतेच. प्लसचं मायनस झालं आहे का, ते ही जुना नंबर बघून ओळखते. बावीस वर्षांच्या पोरीला जवळचं आणि लांबचं अशी दोन नंबरांची काच मागितली असेल तर आधी विचारते की आईची चिठ्ठी तर नाही ना. नुसत्या बघण्याच्याच नऊ पायऱ्या निघाल्या. तिच्या शेजारच्या टेबलावर एक बाई होती, ती हेच काम करायची, आलेले आकडे संगणकात भरायची आणि पुढे ढकलायची. तिच्या पायऱ्या निघाल्या चौदा. ताईच्या एक्काहत्तर.

तिसऱ्या दिवशी ताई ठेवणीतले कपडे घालून आली होती. मी तक्ता छापून तिच्यापुढे ठेवला. तिनं चारही पानं बोट ठेवून वाचली, दोनदा वाचली. मग म्हणाली की मला वाटायचं मी नुसती बसून असते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही, आणि शेजारचीनं आमच्याकडे बघून नाक मुरडलं. ताईनं सही केली आणि एक प्रत मागून घेतली. घरी जाऊन भाऊजींना दाखवली, खालच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवली, मग स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून लावून टाकली. मी मनात म्हणाले, एक्काहत्तर. आता हिला कोण हात लावतंय.

तक्ता देऊन मी दुसऱ्या कामावर गेले. पंधरा दिवसांनी ऐंशी पानांचा रिपोर्ट माझ्याकडे मंजुरीला आला, कारण बैठकीला बसणाऱ्यानं मंजुरी दिल्याशिवाय तो ग्राहकाकडे जात नाही. मी सरळ ताईचं पान काढलं. सगळ्या पायऱ्या आहेत ना, शुद्धलेखन बरोबर आहे ना, एवढं बघितलं आणि मंजूर करून टाकला. पहिलं पान मी उघडलंसुद्धा नाही.

पुढच्या मंगळवारी ताईचा फोन आला. आवाज हसरा होता. म्हणाली, "अगं, आमच्या साहेबांच्या टेबलावर तुमचा कागद बघितला. पहिल्याच पानावर यादी आहे आणि माझं नाव सगळ्यात वर. गुरुवारी भेटायला बोलावलंय मला. सगळ्यात वर म्हणजे चांगलंच ना?"

मी म्हणाले, थांब हं, बघून सांगते. रिपोर्ट उघडला. पहिल्या पानावर यादी होती, पायऱ्यांच्या आकड्यानुसार, मोठा आकडा वर. आणि वर मथळा होता, पहिल्या टप्प्यात संगणकाकडे द्यायची कामं.

ताईला म्हणाले की नंतर फोन करते.

तक्तेबाईंकडे गेले. त्या काही वाईट नाहीत, पाच मिनिटांत सगळं नीट समजावून सांगितलं त्यांनी मला. जितक्या पायऱ्या जास्त तितका माणसाचा वेळ जास्त जातो, म्हणजे तितकी बचत जास्त. चौदा पायऱ्यांच्या कामाला हात लावून ग्राहकाला काय मिळणार? एक्काहत्तर म्हणजे सोन्याची खाण. आणि तुम्ही इतकं बारीक लिहून दिलंत की संगणकाला शिकवायला काही राहिलंच नाही, असा तक्ता आम्ही नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो. हे सगळं प्रशिक्षणात सांगितलं होतं, म्हणाल्या. आणि मंजुरी तर तुमचीच आहे. मी विचारलं, चाळीसच्या वर हात लावायचा नाही हा नियम कुठे गेला? त्यांनी खरोखर आठवून बघितलं. असा काही नियम त्यांच्या ऐकिवात नव्हता.

मी तिथून मालकांच्या खोलीत शिरले, वेळ वगैरे न घेता. त्यांना सगळं सांगितलं. लाल गोलाची आठवण करून दिली. ते थोडे हसले, चेहरा जुन्यासारखा झाला त्यांचा क्षणभर. मग म्हणाले की तेव्हा आपण नऊ जण होतो, महिन्याला दोन रिपोर्ट व्हायचे, वाचायला वेळ होता. आता कुणी वाचत नाही, आकडा लावून बघतात. आणि बहीण आहे हे तू मला सांगायला हवं होतंस. मी म्हणाले, सांगितलं होतं, लिफ्टमध्ये. त्यांना आठवेना. ते खोटं बोलत नव्हते, खरंच आठवत नव्हतं त्यांना, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

बराच वेळ ते टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या एक्काहत्तरातल्या तिच्या खरंच किती, आणि बहीण म्हणून तू घातलेल्या किती?"

"सगळ्या तिच्या आहेत."

"नीट विचार करून सांग," ते म्हणाले. "शेजारच्या बाईच्या चौदा आहेत. हिच्याही चौदाच असतील, तर ती यादीत वर येतच नाही."

मला कळलं ते काय म्हणतायत. तक्ता चुकला होता असं मी लिहून द्यायचं, चौदाचा नवा तक्ता करायचा, ताईनं त्यावर सही करायची. ग्राहकाला दुरुस्त यादी जाईल आणि गोष्ट इथल्या इथे मिटेल. माझ्यासाठी म्हणूनच करत होते ते. मी म्हणाले, वाढवून लिहिल्या मी. आयुष्यात एक काम नेकीनं केलं होतं, आणि ते खोटं होतं असं मी माझ्याच तोंडानं सांगितलं. बाहेर येऊन जिन्यात बसले.

बुधवारी सकाळी सुट्टी टाकून ताईकडे गेले. तिनंही गुरुवारची तयारी म्हणून सुट्टी घेतली होती, केस धुतले होते. बाहेरच्या खोलीत भाऊजी टीव्हीवर बातम्या बघत होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी चौदा पायऱ्यांचा तो नवा, एका पानाचा तक्ता ठेवला.

तिनं वाचला. म्हणाली, हा शेजारचीचा आहे. मी म्हणाले, तुझाच आहे. आणि मग सगळं सांगितलं, यादीत वर असण्याचा अर्थ सांगितला, मी प्रशिक्षणाला गेले नाही हे सांगितलं, पहिलं पान उघडलं नाही हेही. माफी मागितली. ती ऐकत होती, आणि तिचं बोट त्या कागदावर पहिल्या ओळीपाशीच होतं.

"मग ते एक्काहत्तरचं खोटं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे हे खोटं."

"हो."

"आणि यावर मी सही करायची."

"राहायचं असेल तर."

तिनं विचारलं की मग त्या पोराचं अंतर चुकलेलं असलं तर कोण बघणार? मी म्हणाले, तूच बघ ना, आधीसारखंच सगळं कर, फक्त लिहिलेलं नसेल. ती म्हणाली, म्हणजे चोरून करायचं. बाहेर भाऊजींनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे ते ऐकत होते.

तिनं पेन मागितलं. ताई सही पूर्ण नावाची करते, वडिलांनी शिकवली होती तशी, सगळी अक्षरं सुटी सुटी. तशीच केली. मग उठली, कपाटाचं दार उघडून आतून लावलेली ती चार पानं काढली, चिकटपट्टीचे तुकडे एकेक करून सोडवले, आणि पानं माझ्या हातात दिली. घरात दोन्ही नकोत, म्हणाली. चहा टाकते म्हणाली, आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली. चहा काही झाला नाही. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर मी पायावर पडून मोकळी झाले असते.

ताईची नोकरी राहिली. गुरुवारची भेट रद्द झाली. यादीत तिच्याखाली खोके भरण्याच्या खोलीतले एक गृहस्थ होते, अडतीस पायऱ्यांचे, ते आता सगळ्यात वर आले आणि महिनाभरात घरी गेले. बैठकीच्या दिवसांत त्यांनी मला रोज चहा पाजला होता. हे मी ताईला सांगितलं नाही. तिला माहीत असणारच.

तीन महिन्यांनी आमच्याकडे फेरबैठक असते. सांगितल्याप्रमाणे चाललंय का, ते बघायला जो आधी बसला होता त्यालाच अर्धा दिवस पाठवतात. हे संगणकच वाटून देतो, कोण कुणाची कोण हे त्याला ठाऊक नाही. या तीन महिन्यांत ताई माझ्याशी बोलत होती, तब्येत विचारत होती, भाऊजींच्या औषधाचं सांगत होती. कामाचं मात्र अवाक्षर नाही. पूर्वी त्या एक-साताच्या डॉक्टरांवरून आम्ही पोट धरून हसायचो.

मी खुर्ची लावून बसले. टेबलं तीच होती, फक्त संगणकाचा पडदा नवा होता, आणि त्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता. प्रत्येक चिठ्ठीला किती पायऱ्या झाल्या ते तो मोजायचा. कुणाला फोन लावला, कुठली चिठ्ठी थांबवून ठेवली, की आकडा चौदाच्या पुढे जाऊन लाल व्हायचा. ही आमच्याच कंपनीची करामत. ताई चिठ्ठी घ्यायची, आकडे भरायची, पुढे पाठवायची. हात चांगला चालत होता. शेजारचीहून जलद.

मी हळूच विचारलं, तू चोरून तरी करतेस ना? ती पडद्याकडे बघतच म्हणाली की पहिले आठ दिवस केलं. साहेबांनी बोलावून विचारलं की तुमचा आकडा लाल का होतो, तुम्ही तर चौदाची सही केलीय. मग बंद केलं. "सुरुवातीला जीव खालीवर व्हायचा," ती म्हणाली. "आता नाही होत. बघितलं की दिसतं, म्हणून मी बघतच नाही."

तेवढ्यात एक चिठ्ठी आली. नऊ वर्षांची मुलगी. जुन्या नंबराच्या रकान्यात मायनस तीन, नव्याच्या रकान्यात प्लस तीन. मी तीन दिवस तिच्या शेजारी बसून शिकलेली बाई, मलासुद्धा ते दिसलं. ताईचा हात चिठ्ठीवर थांबला. खरंच थांबला, मी बघितलं. मग तिनं आकडा भरला आणि चिठ्ठी पुढच्या ट्रेमध्ये टाकली.

मी म्हणाले, "ताई, अगं त्या मुलीला काही दिसणार नाही."

"ते माझ्या तक्त्यात नाही गं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला पालकसभेहून आल्यावर बोलायची तसा रागसुद्धा नव्हता.

मी ती चिठ्ठी ट्रेमधून उचलली, माझा फोन काढला आणि तिच्यावर छापलेल्या दुकानाचा नंबर लावला. तिकडून उचलला त्या माणसाचा आवाज मी ओळखला, तोच तो लग्न लागल्याचं म्हणणारा. मी म्हणाले की काचांच्या कंपनीतून बोलतेय, मायनसचं प्लस झालंय का बघा. त्यानं कागद शोधला, बघितला, आणि म्हणाला की हो हो, मायनसच आहे, फार मोठी चूक झाली असती, गेल्या दोन महिन्यांत आमच्या सहा काचा परत आल्यात. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "आमच्या त्या नेहमीच्या बाई नाहीत का आता तिथे?"

ताई माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. फोनमधला आवाज तिला ऐकू गेला होता, कारण तिची बोटं पडद्यासमोर तशीच अधांतरी राहिली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल म्हणून वाट बघितली. तो तिकडून हॅलो हॅलो करत होता.

"नाहीत," मी म्हणाले.

ताईनं मान हलवली आणि पुढची चिठ्ठी घेतली.